नरड्याला त्रास नको : स्वरयंत्र ओळखून आवाज कसा वापरावा

ज्यांचं पोट आवाजावर चालतं त्यांच्यासाठी हे लिहितेय. जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी आणि बाई, लातूरच्या क्लासमध्ये भरगच्च हॉलपुढे फिजिक्स शिकवणारे सर, मोंढ्यात सौदा पुकारणारे, कीर्तनकार, त्यांच्यामागे चाली म्हणणारे गायक, तुळजापूरकडचे गोंधळी. मी परभणीत वाचा-उपचार करते. आलेल्या माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मॅडम, घसा बसलाय." नेमकं कुठं, बोट ठेवा म्हटलं की बोट जातं हनुवटीखाली, नाहीतर तोंड उघडून पडजीभ दाखवतात. दुखणं त्याच्या बरंच खाली असतं. म्हणून सुरुवात पत्त्यापासून.

बोटानं शोधा

आरशासमोर मान सरळ ठेवून उभं राहा, खांदे सैल सोडा. तर्जनी हनुवटीच्या मधोमध ठेवून हळूहळू खाली सरकवा. हनुवटी संपून मान सुरू होते त्या कोपऱ्यात एक आडवं, बारीक हाड लागेल. ते हायॉइड. जिभेचं मूळ त्याच्यावर टेकलेलं असतं आणि पुढं आपण ज्याच्याबद्दल बोलणार आहोत ते सगळं त्याला खाली लटकलेलं असतं.

आणखी खाली आलात की एक उंचवटा, वरच्या कडेला खाच असलेला. हा कंठमणी. थायरॉइड नावाच्या कूर्चेच्या (कूर्चा म्हणजे कानाच्या पाळीत असतं तसं लवचिक, मऊ हाड) दोन पाट्या इथं पुढं येऊन मिळतात. पुरुषांत त्यांचा कोन साधारण 90 अंशांचा, म्हणून टोक बाहेर दिसतं. बायकांत तो 120 अंशांच्या आसपास, म्हणून दिसत नाही, पण बोटाला लागतो. (ज्या थायरॉइडच्या गोळ्या लोक सकाळी उपाशीपोटी घेतात ती ग्रंथी वेगळी, याच्या खाली असते.) स्वरतंतू या खाचेच्या थोडं खाली, आतल्या बाजूला, पुढून मागं आडवे बसलेले आहेत. लांबी किती म्हणाल, तर पुरुषांत दोन सेंटिमीटरच्या आसपास, बायकांत त्याहून कमी. काल्याच्या कीर्तनात शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा आवाज एवढ्याशा जागेतून निघतो.

बोट अजून खाली न्या. एक बारीक मऊ खळगा लागेल आणि त्याच्या खाली कडक कडं. हे क्रिकॉइड. श्वासाच्या वाटेवर चारी बाजूंनी पूर्ण बंद असलेली कूर्चा हीच एक, खालच्या श्वासनळीची कडी मागून उघडी असतात. मधला खळगा लक्षात ठेवा, त्याचं काम पुढं आहे. आणि मानेच्या दोन्ही बाजू दाबत बसू नका, तिथून मेंदूकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्या आहेत. मधोमध, हलक्या बोटानं, एवढं पुरे.

आता बोट तसंच ठेवून आवंढा गिळा. सगळा डोलारा वर उचलला जातो आणि परत खाली येतो. तेवढ्या वेळात आत एपिग्लॉटिसचं झाकण मागं लवतं, खोटे स्वरतंतू जवळ येतात आणि त्यांच्या खालचे खरे स्वरतंतू मिटतात. घास श्वासनळीत जाऊ नये म्हणून एवढा बंदोबस्त. स्वरयंत्राचं मूळ काम ही राखणच आहे, बोलणं हा जोडधंदा. जेवताना बोलायला गेलं की दोन्ही कामं एकाच वेळी अंगावर येतात आणि ठसका लागतो.

यातून एक सरळ हिशोब निघतो. आपण जे गिळतो त्यातलं काहीच स्वरतंतूंवर पडत नाही. पडलं तर खोकून जीव जाईल. खडीसाखर, ज्येष्ठमध, लवंग, मध, हळदीचं दूध, यातलं काहीही तिथं पोचत नाही. घशाला बरं वाटतं, लाळ सुटते, खाकरायची इच्छा कमी होते, म्हणून खा. पण खडीसाखर तोंडात धरून दोन तास ओरडलं तर तंतू वाचतील, हे मनातून काढून टाका.

कठोर आणि मृदू

व्याकरणात क, च, ट, त, प कठोर आणि ग, ज, ड, द, ब मृदू, असं आपण सगळ्यांनी घोकलं. का, ते कुणी सांगितलं नाही. पंजा कंठमण्यावर अलगद टेकवा आणि "स्स्स" म्हणा. हाताला काहीच नाही. आता "म्म्म". हाताखाली गुणगुण सुरू. मृदू वर्णात स्वरतंतू थरथरतात, कठोर वर्णात थरथरत नाहीत, हाच तो फरक. घ, ध, भ म्हणताना गंमत आणखी वेगळी असते. तंतू थरथरत असतात, पण पुरते मिटलेले नसतात, मधून हवा गळत असते. "गाव" आणि "घाव" पाठोपाठ म्हणून बघा.

ही थरथर होते कशी, हे समजून घेतलं की निम्मं काम झालं. स्वरतंतूंची मागची टोकं ॲरिटेनॉइड नावाच्या दोन इवल्या कूर्चांना बांधलेली आहेत. त्या फिरतात, सरकतात. तंतू मिटवायला स्नायू बरेच आहेत, उघडायला मात्र एकच जोडी. बोलायचं मनात आलं की ॲरिटेनॉइड आत सरकतात, तंतू जवळ येतात, खालून श्वासाचा दाब चढतो. दाबानं तंतूंची खालची कड आधी उघडते, मग वरची. हवेचा एक झोत सुटतो, दाब उतरतो, तंतू आपल्या लवचिकपणानं परत मिटतात. पुरुषाच्या साध्या बोलण्यात हे सेकंदाला सव्वाशेच्या आसपास वेळा, बाईच्या बोलण्यात दोनशेच्या. यातल्या प्रत्येक उघडझापीला मेंदूतून वेगळा हुकूम येत नाही. स्नायू फक्त तंतू योग्य जागी आणून धरतात, बाकी सगळं श्वास करतो. नेदरलँड्सच्या यानविलेम व्हान डेन बर्ग यांनी 1958 मध्ये हे मांडलं आणि आज जगभर तेच शिकवलं जातं.

म्हणजे नरडं आवळून आवाज वाढत नाही. आवळलं की तंतू एकमेकांवर जोरात आपटतात, एवढंच होतं. हिशोब करा: पंचेचाळीस मिनिटांच्या तासात बाईंनी अर्धा वेळ आवाज लावला तरी दोन लाख सत्तर हजार टकरा होतात. असे दिवसाला सहा तास. खुरपं आवळून धरलं की तळहाताला घट्टे पडतात, तसेच इथंही पडतात, पुढचा एक तृतीयांश भाग जिथं संपतो तिथं, दोन्ही तंतूंवर समोरासमोर. डॉक्टर त्यांना नोड्यूल म्हणतात. मग तंतू मिटले तरी मधे फट राहते, हवा गळते, आवाज घोगरा होतो, आणि माणूस फट बुजवायला आणखी आवळतो.

एका महाराजांनी मला सुनावलं होतं, "मॅडम, नरड्यातून काढल्याबिगर मागच्याला ऐकू जात न्हाई." महाराजांपुढे वाद घालून उपयोग नसतो. मी त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला.

ग्लास आणि स्ट्रॉ

रसवंतीवर मिळते ती साधी स्ट्रॉ घ्या. ग्लास निम्मा भरा, स्ट्रॉचं टोक दोन-तीन सेंटिमीटर पाण्यात बुडवा. ओठ स्ट्रॉभोवती घट्ट मिटा, गाल सैल. आधी नुसती फुंकर, एकसारखे बुडबुडे येईपर्यंत. मग तीच फुंकर चालू ठेवून तिच्यात "ऊ" मिसळा. बुडबुडे चालू राहिले पाहिजेत. आवाज येतोय पण बुडबुडे थांबले, तर तुम्ही नरडं आवळलंय. बुडबुडे धडाधड उसळून पाणी सांडलं, तर श्वास उधळताय. नाकाला चिमटा काढून बघा, आवाज बदलला तर हवा नाकातून पळतेय.

जमलं की त्याच "ऊ" वर खालून वर, वरून खाली सरकत जा, अजिबात न तुटता. मग एखाद्या अभंगाची चाल, शब्दांशिवाय. पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, आणि कार्यक्रमाच्या आधी व नंतर हमखास. तोंड जवळजवळ बंद असल्यानं हवेचा दाब वरच्या बाजूलाही तयार होतो, तो तंतूंना किंचित दूर धरतो, त्यामुळे ते कमी आपटून थरथरतात. स्ट्रॉ नसेल तर ओठ फुर्रर करत सूर धरा, लहान पोरं गाडी चालवतात तसं. बसस्टँडवर लोक बघतील, बघू द्या.

यात एक मोजमापही लपलेलं आहे. स्ट्रॉ जितके सेंटिमीटर बुडवाल तितक्या सेंटिमीटर पाण्याचा दाब बुडबुडा काढायला लागतो. साध्या बोलण्यात स्वरतंतूंखाली असतो तो दाब सुमारे 5 ते 10 सेंटिमीटर पाण्याचा. म्हणजे ग्लासात बोटभर बुडालेल्या स्ट्रॉतून फुंकायला जेवढी ताकद लागते, तेवढ्यात माणसाचं बोलणं भागतं. महाराजांनी स्ट्रॉ तळाला टेकवून दोन-तीनदा फुंकून पाहिलं आणि म्हणाले, "येवढंच व्हय?"

मोठ्या आवाजाला दाब जास्त लागतो हे खरं. तो खालून आणायचा. एक हात पोटावर, एक छातीवर ठेवून श्वास घ्या. पोटावरचा हात पुढं आला पाहिजे, खांदे उचलले जाता कामा नयेत. मग "हो!" अशी हाक द्या, अंगणातून शेजारच्या वाड्यात देतात तशी. पोट आत गेलं आणि मान सैल राहिली तर बरोबर. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या तर पुन्हा. शब्द स्वरानं सुरू होत असेल, "आता", "ऐका", "उठा", तर बरेच जण तंतू गच्च मिटून एकदम धक्क्यानं उघडतात. आधी "ह" लावून सराव करा, "हआता", "हऐका", मग ह हळूहळू पुसून टाका. उरलेलं काम तोंडाचं. जबडा दोन बोटं उघडला तर त्याच मेहनतीत आवाज दुप्पट लांब जातो, असं मी पोरांना सांगते. दुप्पट हा शब्द जोर देण्यापुरता घ्या, पण तोंडातल्या तोंडात बोलणाऱ्याचं ऐकू जात नाही हे तुम्हालाही माहीत आहे.

पट्टी

तो मधला खळगा आठवतोय? बोट तिथं ठेवून खर्जातून वरच्या सा पर्यंत "आ" सरकवा. वर जाताना खळगा बारीक होत जातो. क्रिकोथायरॉइड स्नायू थायरॉइड आणि क्रिकॉइड पुढच्या बाजूनं जवळ ओढतो, त्यानं स्वरतंतू ताणले जाऊन लांब आणि पातळ होतात आणि सूर चढतो. स्नायूचं काम एवढंच. पण सवय नसलेल्यांचं अख्खं स्वरयंत्र गिळल्यावर जातं तसं वर चढतं. थोडं चढणं चालतं. हनुवटीला जाऊन भिडलं तर ती पट्टी तुमची नव्हे.

भजनात अडचण अशी की पखवाज ज्या पट्टीत लावलेला तिथंच सगळ्यांनी गायचं. म्हणून पट्टी आधी ठरवा, पेटीवाल्याशी बोला, लाजू नका. बाई कीर्तनकार आणि पुरुष गायक एका मंचावर असले की कुणाचा तरी गळा फरफटतो, आणि बहुतेक वेळा ज्यानं तोंड उघडून सांगितलं नाही त्याचा.

वारकरी शिक्षण घेणाऱ्या पोरांच्या गुरुजींना वेगळं सांगायचंय. आवाज फुटायच्या वयात पोराची थायरॉइड कूर्चा भराभर वाढते, तंतू लांब आणि जाड होतात, बोलण्याचा सूर साधारण एक सप्तक खाली येतो. कालपर्यंत वरची चाल लीलया घेणारं पोर आज चिरकतं. त्याला हसू नका आणि जुन्या पट्टीत ओढू नका. काही महिने खालच्या पट्टीत, हलकं गाऊ द्या.

सप्ताह, शाळा, मोंढा

हरिनाम सप्ताहात आवाज जातो तो फक्त गाण्यानं नाही. काकड्याला पहाटे उठणं, रात्री कीर्तन संपल्यावर उशिरा महाप्रसाद, वर ठेचा, आणि लगेच मंडपात आडवं होणं. झोपल्यावर पोटातलं आम्ल वर येऊन स्वरयंत्राच्या मागच्या भागाला भाजतं. सकाळी घोगरा आवाज, सारखं खाकरणं, घशात काहीतरी अडकल्याचा भास, अशी खूण असेल तर आधी जेवणाची वेळ बदला. झोपण्याच्या दोन-तीन तास आधी जेवण, उशाकडची बाजू उंच.

खाकरणं हीच मोठी खोड. प्रत्येक खाकरण्यात तंतू एकमेकांवर घासतात, थोडी सूज येते, सुजेनं पुन्हा काही अडकल्यासारखं वाटतं आणि पुन्हा खाकरलं जातं. इच्छा झाली की पाण्याचा घोट घ्या, नाहीतर आवंढा गिळा. पाणी तंतूंना थेट लागत नाही हे वर सांगितलंच. ते रक्तातून पोचतं, त्यामुळं कार्यक्रमाला उभं राहताना तांब्याभर ढोसण्यापेक्षा दिवसभर पीत राहा. आपल्याकडं पारा 40 च्या पुढं जातो तेव्हा तर जास्तच. थेट ओलावा हवा असेल तर वाफ, साध्या पाण्याची, बाम न टाकता.

टाळ-पखवाजात स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस नकळत चढवतो. एतिएन लोंबार या फ्रेंच डॉक्टरानं 1911 मध्ये ही सवय नोंदवली, तिला त्याचंच नाव आहे. इलाज साऊंडवाल्याकडं आहे: एक लहान स्पीकर स्वतःकडं तोंड करून लावायला सांगा. भोंगे मैलभर ऐकू जातात आणि बुवांना स्वतःचंच ऐकू येत नाही, हे मी गावोगाव बघते.

शाळेत फळ्याकडं तोंड करून बोलू नका. आधी लिहा, वळा, मग बोला. गोंगाट थांबवायला टाळी, घंटा, डस्टरचा ठोका, काहीही, पण ओरडणं नको. मोंढ्यात पुकारणाऱ्यांना धुळीपासून सुटका नाही; सोयाबीनच्या हंगामात निदान पुकारा नसताना तरी उपरणं नाकावर असू द्या.

सर्दीनं आवाज गेला तर दोन-तीन दिवस गप्प. कुजबुजणं म्हणजे विश्रांती नव्हे, कुजबुजताना बऱ्याच जणांचं स्वरयंत्र उलट जास्त आवळलं जातं. बोलावंच लागलं तर हळू, पण खऱ्या आवाजात.

घरची चाचणी आणि डॉक्टर

पूर्ण श्वास घेऊन "स्स्स" किती सेकंद टिकतो मोजा. मग तसाच श्वास घेऊन "झाड" मधला झ ओढून धरा, "झ्झ्झ", हाताखाली गुणगुण लागली पाहिजे. दोन्ही जवळपास सारखे यायला हवेत. स 21 सेकंद आणि झ 12 असा फरक पडत असेल, तर फुप्फुसं ठीक आहेत, तंतू नीट मिटत नाहीत. हा अंदाज आहे, निदान नाही.

आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडं जा. बिडी, सिगारेट, तंबाखू, मिश्री, गुटखा, यातलं काही असेल तर तेवढंही थांबू नका. स्वरतंतूंचा कर्करोग आवाज बदलून फार लवकर वर्दी देतो आणि लवकर सापडला तर बहुतेकदा बरा होतो. थुंकीत रक्त, गिळताना दुखणं, मानेत गाठ, थायरॉइडच्या किंवा छातीच्या ऑपरेशननंतर बदललेला आवाज, हे सगळं तातडीचं. स्वरयंत्राची डावी नस छातीत उतरून महाधमनीला वळसा घालून परत वर येते, त्यामुळं छातीतल्या दुखण्यानंही आवाज जाऊ शकतो. श्वास घेताना घरघर शिट्टी वाजत असेल तर तज्ज्ञांची तारीख बघत बसू नका, जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा.

तपासणीला घाबरण्यासारखं काही नाही. जिवंत, चालता-बोलता स्वरतंतू आरशात पाहण्याची रीत 1854 मध्ये मान्वेल गार्सिया या गाण्याच्या मास्तरानं काढली, दातांच्या डॉक्टरचा छोटा आरसा घशात, दुसरा हातात, आणि उजेड उन्हाचा. स्वतःच्याच गळ्यात पाहिलं त्यानं. आता नाकातून बारीक दुर्बीण जाते किंवा तोंडातून सरळ दुर्बीण, आणि तुम्हाला "ई" म्हणायला लावतात, कारण ई म्हणताना जीभ पुढं येते आणि एपिग्लॉटिस वाटेतून बाजूला होतो. स्ट्रोबोस्कोप असेल तर त्याच्या लुकलुकत्या उजेडात थरथर संथ दिसते आणि घट्टा आहे, सूज आहे की एखादा तंतू हलतच नाही, हे कळतं. पडद्यावर तुम्हालाही दाखवा म्हणावं. जाताना रोजचे बोलण्याचे तास, औषधं आणि व्यसन खरं सांगा. घशात बधिर करायचा फवारा मारला असेल तर बधिरपणा पुरता जाईपर्यंत काही खाऊ-पिऊ नका. राखणदारच झोपलेला असतो, बाहेरच्या टपरीवरचा चहासुद्धा सरळ श्वासनळीत जाईल.